झबल्याची मजुरी धरताना रडणाऱ्या बाळाचा वेळ कुठं लावायचा?

निपाणीची_शिवण

धागा मोठा होणार आहे, आधीच सांगते. लेक झोपलीये तोवर लिहून घेते.

मी निपाणीत, म्हणजे सीमेच्या कर्नाटकाकडच्या अंगाला, घरातूनच बाळंतविडे शिवते. झबली, टोपरी, लंगोट, दुपटी, कुंची. थोरला दुसरीत, धाकटी चौदा महिन्यांची. नवरा साखर कारखान्यात, म्हणजे गाळप सुरू झालं की पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, आणि घरात कुणीतरी एकजण कायम झोपलेलं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्या बाळापाशी बसतात, गाणी म्हणतात, पण उचलून घेणं त्यांना जमत नाही.

सुरुवात ठरवून झाली नाही. थोरल्याच्या वेळी बाजारातून आणलेल्या झबल्यांची आतली शिवण त्याच्या काखेत घासायची, लाल वळ उठायचा. मी सगळी झबली उसवली आणि शिवण बाहेरच्या अंगाला घेऊन परत शिवली. दिसायला उलटं घातल्यासारखं दिसतं, पण बाळाला टोचत नाही. मग 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद, आणि गल्लीतली एकजण नवव्या महिन्यात. तिला दिली सहा झबली. तिच्या जावेला, मग जावेच्या माहेरी, असं करत करत आता महिन्याला दहा-बारा बाळंतविडे होतात.

कापड इचलकरंजीचं. मलमल आणते, रात्रभर पाण्यात भिजवते, वाळवते आणि मगच कात्री लावते. न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात झबलं बाहुलीचं होतं. कापड आणणं हाही एक उद्योगच. 2021 मध्ये कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआर दाखवल्याशिवाय अलीकडं घेत नव्हते. तासाभराच्या रस्त्याला 72 तासांच्या आतला रिपोर्ट! 2022 च्या डिसेंबरात सीमावाद पेटला, दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या, तेव्हा माझे वीस मीटर कापड एका ओळखीच्या दुकानात आठवडाभर पडून होते. बारशाची तारीख काही थांबत नाही हो.

असो. विषय असा आहे. कोल्हापूरच्या एका दुकानानं दर महिना 40 बाळंतविडे मागितलेत, एकेक 850 रुपयांना. मी सुट्टा 1150 ला देते. 40 म्हटल्यावर डोळे फिरले, खरं सांगते. घरात सगळे म्हणाले, घे. पण मला काहीतरी खटकत होतं म्हणून मी आठवडाभर घड्याळ लावून बसले.

एका विड्यात पाच झबली, पाच टोपरी, दहा लंगोट, दोन दुपटी, एक कुंची. कापड 480, दोरा-नाडी-खोका मिळून 90. उरले 580. आजवर मनातल्या मनात मी धरत होते की सलग बसलं तर कटिंगसकट सहा तासांचं काम आहे. म्हणजे तासाला 97 रुपये. वाईट नाही.

आता घड्याळ काय म्हणालं ऐका. अकरा तास! झबलं एक सलग वीस मिनिटांत होतं. पण ते वीस मिनिटं मला मिळतच नाहीत. गळ्याला पायपिंग, म्हणजे कडेची बारीक पट्टी, लावायला घेतली की धाकटी उठते. तिला पाजून परत येईतो पायपिंग कुठून कुठं ताणत होते ते विसरलेलं असतं. उसवा. परत बसा, की थोरला शाळेतून. अकरा तासांनी भागलं तर तासाला जेमतेम 53 रुपये पडतात.

मला वेळ कमी पडत नाहीये. दिवस तोच आहे. वेळ तुटका आहे, आणि तुटक्या वेळाचे तुकडे जोडायलाच निम्मा वेळ जातो. गिऱ्हाईक वीस मिनिटांचे पैसे देतं. बाकीची पंधरा-वीस कुणाच्या खात्यावर?

तर प्रश्न: ऑर्डर घेऊ का? दर वाढवू का? की धाकटी शाळेत जाईतो सगळंच बंद ठेवू? तुमच्यापैकी कुणी असं केलंय का?

टिळकवाडी

शेवटच्या पर्यायाला माझं सक्त नाही. मी बेळगावात केकची कामं तीन वर्षं बंद ठेवली होती. परत सुरू केलं तर गिऱ्हाइकं दुसऱ्यांची झालेली. कमी कर, पण बंद नको करू.

आणि शिवण बाहेर घेण्याची कल्पना भारी आहे. माझ्या भाचीसाठी हवीत.

आकडेमोड

मी हिशेबाची कामं करते, सवयीनं आधी गुणाकार केला. 40 विडे, एकेकाला 11 तास, म्हणजे 440 तास. तीस दिवसांनी भागा. रोज साडेचौदा तासांहून जास्त, रविवार धरून, सणवार धरून. त्यात जेवण, झोप, स्वयंपाक बसवून दाखवा!

दर बघा. 850 वजा 570, राहिले 280. तुम्ही अगदी सलग सहा तासांत केलं तरी तासाला 46-47 रुपये. खरे अकरा धरले तर 25. 2025-26 साली कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 370 होती. तेवढी तरी सुटायला हवी की.

आता सीमेवरची खरी मेख. कर्नाटकातल्या कर्नाटकात माल विकताना वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवला, तर पहिल्या रुपयापासून नोंदणी. हस्तकलेच्या काही वस्तूंना वेगळी सवलत आहे, पण मशीनवर शिवलेलं झबलं त्यात धरू नका. कंपोझिशन, म्हणजे लहान धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना, घेऊ म्हणाल तर त्यात राज्याबाहेर विक्री चालत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्यांना नोंदणीशिवाय ऑनलाइन साइटवर माल विकता येतो, तोही राज्यातल्या राज्यातच. म्हणजे निपाणीहून बिदरला झबलं बिनदिक्कत पाठवा, पण वीसेक किलोमीटरवरच्या कागलला पार्सल करायचं तर आधी नंबर काढा, मग रिटर्न भरत बसा.

रिटर्न भरणं अवघड नाही, पण तेही तुमच्या त्याच तुटक्या वेळातून जाणार. माझ्यासारखीला द्यायचं तर त्याचे पैसे. 850 मध्ये हे काही बसत नाही.

गोवावेस

राग मानू नका, स्पष्ट बोलतो. घरात पगार येतोय ना? मग एवढं तासाचं गणित कशाला. मुलं लहान आहेत तोवर छंद म्हणून करा, मन रमतं. मुलांचं बालपण परत येत नाही.

निपाणीची_शिवण

@गोवावेस, छंदाला उधारी नसते दादा. माझी तीन गिऱ्हाइकांकडं आहे. गाळप संपलं की कारखान्यातलं काम निम्म्यावर येतं, तेव्हा थोरल्याची फी या झबल्यांतून जाते.

@आकडेमोड, साडेचौदा तास वाचून मी फोन उलटा ठेवला. 40 चा आकडा मी पैशांनी गुणला होता, तासांनी नाही. कागलच्या बायका दारात येऊन घेऊन जातात, ते चालतं का?

आकडेमोड

दारात येऊन, पैसे देऊन, पिशवीत घालून गेली तर साधारणपणे ती तुमच्या दुकानातलीच विक्री. अडतं ते तुम्ही पलीकडं पाठवता तेव्हा. आणि फोनवर आलेल्या पैशांचा हिशेब लिहून ठेवा बरं का. 2025 च्या जुलैत यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा निघाल्या तेव्हा बंगळुरात लहान लहान दुकानदारांनी 'यूपीआय नाही' अशा पाट्या लावल्या होत्या. तुम्ही त्या 40 लाखांच्या जवळपासही नाही, पण घरखर्चाचे आणि धंद्याचे पैसे एकाच खात्यात असले की नंतर कुणाला समजावून सांगणार.

घटप्रभाकाठ

माहेर गोकाक, सासर संकेश्वर. माझं मराठी सासरी आल्यावरचं, चुका सांभाळून घ्या.

आमच्याकडं टोपऱ्याला कुलावी म्हणतात आणि कुंचीला कुंचगी. तुम्ही खोक्यावर दोन्ही नावं लिहा. माझ्या जाऊबाई निपाणीत 'कुलावी' मागत फिरल्या, कुणी दिली नाही. दुकानात होती, फक्त टोपरं या नावानं होती!

आणखी एक. कटिंगचा उरलेला कपडा टाकू नका. तुमची वाकळ, आमची कौदी. जुन्या लुगड्याची लहानशी वाकळ, बाळापुरती. त्याला हातशिलाई असते, मशीन नको, वीज नको. बाळ मांडीवर असलं तरी धावदोरा घालता येतो. मी तसंच करते. मधे उठलं तरी काही बिघडत नाही, सुई जिथं खोचली तिथून पुढं. तुमच्या पायपिंगसारखं नाही त्याचं.

खानापूरची_ताई

वरचं खरंच महत्त्वाचं आहे. कुठलं काम तुटक्या वेळात होतं आणि कुठल्याला सलग वेळ लागतो, हे मीही उशिरा शिकले. माझं शिकवणीचं आहे, शिवणाचं नाही. वह्या तपासणं तुकड्यांत होतं. पेपर काढणं होत नाही. पेपर मी पहाटे काढते, मूल उठायच्या आत.

अवांतर: गरोदरपणी सरकारी दवाखान्यात 'तायी कार्ड' दिलं तेव्हा मी म्हणाले, मला ताई कशाला म्हणताय, माझं नाव लिहा. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, हे नर्सबाईंनी हसून सांगितलं. तेव्हापासून हे टोपणनाव.

निपाणीची_शिवण

@घटप्रभाकाठ, तुमचं मराठी माझ्या कन्नडपेक्षा शंभर पटीनं बरं आहे. चिक्कोडीकडच्या बायका आल्या की मी 'एष्टु बेकु' एवढ्यावर निभावते, मग बोटं दाखवायची.

वाकळीचं पटलं. सुईचं मात्र भय आहे. धाकटी रांगायला लागल्यापासून मी टाचण्या घरातून हद्दपार केल्यात, कापड धावदोऱ्यानं धरते. मशीनची सुई मोडली तर दोन्ही तुकडे सापडल्याशिवाय ते झबलं पुढं जात नाही. लोहचुंबक ठेवलाय त्यासाठी. एकदा टोक सापडलंच नाही. अख्खं दुपटं टाकून दिलं. त्याचे पैसे कुणाला मागणार? पण दुसऱ्याच्या बाळाला ते कसं द्यायचं.

गंमत सांगते. मशीन चालू असलं की धाकटी गाढ झोपते. पोटात असल्यापासूनचा आवाज ना. मशीन थांबलं की उठते. म्हणजे मी बॉबिन बदलायला थांबले की संपलं. आता चार बॉबिनी आधीच भरून ठेवते.

बाहुलीवाली

बाळंतविड्यात कापडी बाहुली वगैरे ठेवत असाल तर जपून. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, मानांकन सक्तीचं आहे, कापडी खेळणीसुद्धा त्यात येतात. नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. मला हे माल दुकानात ठेवायला गेले तेव्हा कळलं.

निपाणीची_शिवण

अगं बाई. दोन विड्यांत खुळखुळ्याची बाहुली घातली होती, भेट म्हणून. बंद. धन्यवाद.

टिळकवाडी

एक सुचवते. ऑर्डर सोडून देण्यापेक्षा मदतनीस बघ. निपाणीत शिवणकाम येणाऱ्या बायका ढिगानं असतील. लंगोट, टोपरी बाहेर द्यायची, नगावर. झबली आणि कुंची तू कर. दुकानदाराकडून 950 पर्यंत वाढवून घे. माझ्या ओळखीत एकीनं असंच केलं, आता तिच्याकडं सात जणी आहेत.

अक्काताई

मी मोबाईलमधी बोलून लिहितोय, नातू बघून दुरुस्त करणार म्हणालाय. आमच्या भागात बाया पण 'जातो-येतो'च म्हणतात, त्यानं तेवढं तसंच ठेवावं.

पोरी, तुझं वाचून माझी आई आठवली. निपाणीतलीच आम्ही. आई आधी तंबाखूच्या वखारीत होती. मग धाकटा भाऊ झाला आणि ती घरात बिड्या वळायला लागली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पान, आणि तुळईला झोळी. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. हातानं बिडी, पायानं झोका. पाहुणी बाई आली की म्हणायची, बरं झालं घरात काम मिळालं, पोराकडं बघत होतंय.

पोरगं रडलं की उठायची. हात राखेनं धुवायची, दोनदा धुवायची, तरी वास जायाचा नाही. भाऊ तोंड फिरवायचा. मग परत सुपापाशी. दर हजारावर होता. हजार भरले तर हजाराचे पैसे, आणि ठेकेदार छाट म्हणून बाजूला काढायचा ते आपल्याच अंगावर. त्या हजाराच्या दरात हात धुवायचा वेळ कुणी धरला नव्हता.

1981 ला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हमरस्त्यावर बसले. एप्रिलात गोळीबार झाला, माणसं मेली. तवा मी शाळेत. त्या आंदोलनाचं अजून लोकं बोलत्यात, आणि बोलावंच. पण माझ्या आईला हजाराला काय मिळत होतं ते आता घरात कुणालाच आठवत नाही. मलाच आठवत नाही.

वरच्या बाईंनी नगावर काम द्यायला सांगितलंय. दे. वाईट म्हणत नाही. फकस्त एक विचारतो. त्या बायकांच्या घरात पण पोरं असणार. तू दर कुठल्या घड्याळावर लावणार? सलग बसल्याच्या, का रडणाऱ्या पोराच्या?

टिळकवाडी

अक्का, नमस्कार. मी सात जणींचं कौतुकानं लिहिलं, त्यांना काय मिळतं हे विचारलंच नव्हतं. आज विचारते.

गोवावेस

माझी आजी वडगावात मागावर कांड्या भरायची. घरचंच काम म्हणून तिला कधी पैसे मिळाले नाहीत. छंद हा शब्द मी मागं घेतो.

खानापूरची_ताई

अक्का, नातवाला सांगा, काहीही दुरुस्त करू नको.

निपाणीची_शिवण

सगळ्यांना उत्तर द्यायला सहा आठवडे लागले. आधी धाकटीचा ताप, मग लग्नसराईत बाळंतविडे कमी पण ब्लाउज जास्त, मग थोरल्याची परीक्षा.

अक्कांचा प्रतिसाद वाचून त्या रात्री मी काहीच शिवलं नाही. दुसऱ्या दिवशी एक केलं. दहा लंगोट शिवायला घेतले, मुलगी जागी असताना, मुद्दाम. ती मांडीवर, ती पायात, ती दोऱ्याचं रीळ घेऊन पळाली, सगळं धरून घड्याळ लावलं. एरवी पन्नास मिनिटांचं काम 85 मिनिटांत झालं. तासाला 50 धरले तर दहा लंगोटांचे साधारण 70 रुपये. म्हणून लंगोटाला सात रुपये दर ठरवला. कापड मी कापून, भिजवून देते, दोरा माझा. उसवायला लागला तर नवा दोरा पण माझा, पैसे कापत नाही. गल्लीतली एकजण आणि एक तवंदी घाटाकडची, दोघी करतात. तवंदीकडची म्हणाली, 'सात? बाजारात तीन देतात.' मी म्हटलं, मला माहीत आहे. तिचं बाळ आठ महिन्यांचं आहे.

सात फार आहे असं नाही. तासाला 50 म्हणजे काय, हे मलाही कळतं. सध्या माझ्याच्यानं एवढं होतंय.

कोल्हापूरच्या दुकानाला नाही म्हणून कळवलं. त्यांनी 900 पर्यंत यायची तयारी दाखवली, मी तरी नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर पोटात खड्डा पडला होता, तो दोन दिवस होता. नवरा म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. बघू.

सुट्टा विडा 1450 केला. लंगोटांचे 70 जाऊन माझ्याकडं 810 उरतात, आणि माझे साडेनऊ तास. तासाला 85 पडतात. तीन बायका दर ऐकून गेल्या. एक परत आली. एकीनं फक्त झबली घेतली, लंगोट नको, आता कुणी लंगोट वापरत नाही म्हणाली, डायपरच घालणार. तेही खरंच आहे, तिच्यासाठी वेगळा लहान विडा करायचा विचार चाललाय. तिसरीनं गल्लीत सांगितलं की मी शेफारलेय. असेल.

कामाची वाटणी घटप्रभाकाठ आणि खानापूरच्या ताईंनी सांगितली तशी केली. पायपिंग, गळा, कुंचीच्या चुण्या, हे सगळं पहाटे साडेचार ते साडेसहा, घर झोपलेलं असताना. दिवसा नाड्या ओवणं, धावदोरा, घड्या, वाकळीची हातशिलाई. दुपारी पाटी लावते, 'दोन ते चार बंद'. पहिल्या आठवड्यात लोकांनी कडी वाजवलीच. पाटी मराठीत होती, मग घटप्रभाकाठनी खाली कन्नडमध्ये लिहून पाठवलं ते चिकटवलं. तरी वाजवतात. आता सासूबाई दारात खुर्ची टाकून बसतात आणि डोळ्यांवरचा काळा चष्मा न काढता सांगतात, 'पोर झोपलंय.' एवढं पुरतं.

पहाटेचं फार दिवस झेपेल असं वाटत नाही. परवा बॉबिन केसमध्ये बॉबिन उलटी घातली आणि दोन झबली शिवल्यावर कळलं.

आकडेमोड

810 मधून वीज आणि मशीनच्या दुरुस्तीचे काढले नाहीत. काढा. बाकी हिशेब बरोबर.

निपाणीची_शिवण

बरं बाई. काढते.

टिळकवाडी

माझ्या भाचीला या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आसपासची तारीख दिलीये. दोन विडे मिळतील का? 1450 प्रमाणे, घासाघीस नाही. मी स्वतः निपाणीला येऊन नेईन.

निपाणीची_शिवण

दोन नाही होणार. एक मिळेल, दुसरा वीस तारखेनंतर. तोवर जुन्या धोतराची दुपटी वापरायला सांगा, आमच्याकडं तसंही पाचवीपर्यंत बाळाला नवं कापड घालत नाहीत. टोपऱ्याला नाडी हवी की इलॅस्टिक, तेवढं कळवा. दोन ते चार सोडून कधीही.